‘साल’ कोणाचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दोन भाषांतले दोन शब्द कानाला सारखे लागले आणि अर्थही जुळला, की ‘बघा, मूळ एकच!’ असा निकाल देणारी पत्रे व स्फुटे वाचक हौसेने पाठवतात आणि संपादक तितक्याच हौसेने छापतात. समाजमाध्यमांवर तर अशा याद्यांचा सुकाळ आहे. त्यातून कोणी आपल्या भाषेने जग पादाक्रांत केल्याचे सिद्ध करतो, तर कोणी झाडून सगळ्या भाषा एकाच घरच्या ठरवतो. उत्साहाबद्दल तक्रार नाही, पण पद्धत उलटी आहे. ती कशी, हे एकाच शब्दापाशी थांबून सांगतो. शब्द आहे ‘साल’.

फारसीत ‘से साल’ म्हणजे तीन वर्षे. कोरियन भाषेतही ‘से साल’ म्हणजे तीन वर्षे, फक्त तिथे हा शब्द वय सांगतानाच वापरतात. आकडा तोच, एकक तेच, क्रमही तोच. एक शब्द जुळला तर योगायोग म्हणता येईल, दोन जुळल्यावर कसे म्हणणार, असे कोणालाही वाटेल. तरीही या दोन ‘साल’चा आणि दोन ‘से’चा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. उलट, ऐकायला अजिबात न जुळणारा आपला ‘शरद’ फारसी ‘साल’चा सख्खा भाऊ आहे.

आधी फारसीची बाजू. संस्कृतात शब्दाच्या आरंभी जिथे ‘श’ असतो तिथे फारसीत ‘स’ येतो. शत–सद, शिर–सर. (‘सदी’ आणि ‘सरदार’ हे आपले रोजचे शब्द त्यातलेच.) दुसरा नियम असा, की जुन्या इराणी भाषेत ‘र’ आणि ‘द’ एकमेकांना चिकटून आले की त्यांचा पुढे फारसीत ‘ल’ होतो आणि त्या ओघात कधी आधीचा स्वर लांबतो. ‘हृद्’ या शब्दाचे अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातले रूप ‘झेरेद्’, जुन्या इराणातल्या पार्थियन भाषेत ‘झिर्द’, आणि फारसीत ‘दिल’. इथे आरंभीचा ‘द’ही नियमातलाच आहे. हस्त–दस्त पाहा, किंवा ‘अहम्’ आणि प्राचीन फारसीतले ‘अदम्’ पाहा. ‘सर’ आणि ‘दार’ यांच्या जुन्या जोडातून मध्ययुगीन फारसीत ‘सालार’ घडला. पुढे तेच दोन घटक पुन्हा नव्याने जोडले गेले आणि ‘सरदार’ आला. म्हणून सालार आणि सरदार हा एकच शब्द दोनदा जन्मलेला आहे. आता हे दोन नियम ‘शरद’ला लावा. ‘श’चा ‘स’, ‘र्द’चा ‘ल’. साल.

अर्थाचेही तसेच. वैदिक भाषेत ‘शरद्’ केवळ ऋतू नव्हे, वर्षही आहे. ‘शंभर शरद जगावे’ या प्रार्थनेत शंभर वर्षेच अभिप्रेत आहेत. अवेस्तात ‘सरेद्’ वर्षालाच म्हणतात. आणि इ.स.पू. ५२०च्या सुमारास इराणचा सम्राट दारियस याने बेहिस्तूनच्या कड्यावर आपले विजय खोदून घेतले, त्यात ‘एकाच वर्षात’ हे सांगताना शब्द वापरला आहे तो ‘थर्द’. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी इराणात ‘साल’ असा शब्दच नव्हता. तो तेव्हा ‘थर्द’ होता आणि आपल्या ‘शरद’च्या आजच्यापेक्षा कितीतरी जवळ होता.

‘से’चेही तेच. मूळ ‘त्रि’. प्राचीन फारसीत ‘त्र’ घासत घासत ‘स’कडे गेला, म्हणून पुत्र–पिसर आणि त्रि–से. ‘सतार’ म्हणजे से-तार, तीन तारांची. चाणाक्ष वाचक इथे अडवील की मग ‘क्षत्र’वरून आलेल्या ‘शहर’मध्ये ‘स’ का नाही? कारण तो शब्द इराणातल्या दुसऱ्या, वायव्येकडच्या बोलीतून फारसीत शिरला आहे. नैर्ऋत्येकडच्या खुद्द प्राचीन फारसीतले रूप वेगळे होते. व्युत्पत्तीत अपवाद चालतो, पण तो कुठून आला हे सांगावे लागते. ‘कधी कधी असे होते’ हे उत्तर चालत नाही.

आता कोरियन. या भाषेची स्वतःची लिपी १४४६ साली जाहीर झाली, त्यामुळे पंधराव्या शतकापासूनचे उच्चार बऱ्याच नेमकेपणाने कळतात. त्या काळच्या ग्रंथांत वयाचे एकक ‘साल’ नाहीच. तिथे ‘अ’ आणि ‘ओ’च्या मधला स्वर घेऊन ‘सोल’सारखा शब्द येतो. हाच शब्द नववर्षालाही होता आणि आज नववर्षदिनाच्या ‘सोल्लाल’ या नावात तो शाबूत आहे. कोरियनमध्ये वय ‘होत’ नाही, माणूस वय ‘खातो’; प्रत्येक नवे वर्ष उजाडले की एक ‘सोल’ खाऊन झाला, अशी ती पारंपरिक मोजदाद. पुढे वयाच्या अर्थाने स्वर बदलून ‘साल’ झाला, नववर्षाच्या अर्थाने ‘सोल’ राहिला. आजच्या कोरियनमध्ये ‘साल’ म्हणजे अंगावरचे मांसही होते आणि चाकाची किंवा छत्रीची काडीही. त्यातल्या मांसवाचक शब्दाचा स्वर पंधराव्या शतकात तिसराच होता. तो स्वर प्रमाण कोरियनमधून आता नाहीसा झाला आहे. म्हणजे कोरियनमधले आजचे सगळे ‘साल’ही एकाच मुळाचे नाहीत.

नात्याची कसोटी इथे हाताशी येते. दोन शब्द खरोखर एका मुळाचे असतील तर जसजसे मागे जाल तसतसे ते एकमेकांजवळ येतात. योगायोगाने जुळलेले शब्द मागे जाताना फाकत जातात. शरद आणि साल मागे गेल्यावर भेटतात. फारसी साल ‘थर्द’कडे जातो आणि कोरियन साल ‘सोल’कडे. त्यांची आजची भेट चौकात दोन अनोळखी माणसांनी एकाच रंगाचा सदरा घालून समोरासमोर यावे, एवढीच.

असे योगायोग किती घडतील याचा हिशेब कागद-पेन्सिलीने करता येतो. समजा दोन भाषांत शब्दाचा साचा व्यंजन–स्वर–व्यंजन असा आहे, व्यंजने १५ आणि स्वर ५. एकूण शक्य रूपे १५ × ५ × १५ म्हणजे १,१२५. दोन्ही भाषांतल्या हजार-हजार नेहमीच्या अर्थांचे शब्द समोरासमोर ठेवले तर तंतोतंत जुळणारी साधारण एक जोडी निव्वळ योगायोगाने निघेल. पण हौशी यादीकार एवढे कडक नसतात. स्वर सोडून देतात आणि व्यंजनांचे सहाएक गट करतात: ओष्ठ्य सगळे एक, दंत्य सगळे एक, र-ल एक. मग रूपे उरतात ३६ आणि जोड्या होतात २८च्या आसपास. अर्थातही सूट घेतली, ‘वर्ष’ला ऋतू, वय, काळ, सूर्य यांपैकी काहीही चालेल म्हटले, म्हणजे प्रत्येक अर्थाला पाच पर्याय दिले, की जोड्या १४०वर जातात. आणि हा हिशेब सगळे ध्वनी सारख्याच प्रमाणात येतात असे धरून केलेला आहे. प्रत्यक्षात काही ध्वनी फार येतात. ‘स’, ‘ल’ आणि ‘आ’ त्यांतलेच. त्यामुळे खरा आकडा आणखी वरचा. जगात सुमारे ७,००० भाषा आहेत. त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या होतात २ कोटी ४५ लाख. इतक्या ढिगातून एक ‘से साल’ सापडला नसता तरच नवल.

आता मराठीकडे या, कारण घोळ घरातही आहे. ते साल, ती साल आणि तो साल. तिन्ही लिंगे! ‘ते साल’ फारसी, त्यातून सालदार, हरसाल, सालोसाल, सालाबाद. ‘ती साल’ झाडाची; तिच्यातून सालटे, सालपट. ‘तो साल’ म्हणजे साल वृक्ष, संस्कृत ‘शाल’. व्याकरणाने त्यांना वेगळे ठेवले आहे. ‘सालापासून’ म्हटले की वर्ष आणि ‘सालीवर’ म्हटले की झाडाचे कवच, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. तरीही ‘झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते म्हणून वर्षाला साल’ अशी जुळवाजुळव कोणी केली, तर ती ऐकायला इतकी गोड आहे की खोडून काढताना वाईट वाटेल. पण ती खोटी आहे. झाडाची साल प्राकृत ‘छल्ली’वरून आली. हिंदीत तिचे ‘छाल’ झाले, मराठीत ‘साल’, कारण हिंदीच्या ‘छ’ला मराठीत ‘स’ येतो: छुरी–सुरी, पूछना–पुसणे, बछड़ा–वासरू, मछली–मासळी. चार जोड्या सांगितल्या, पाचवी वाचकाला स्वतः काढता येईल. नियम म्हणतात तो हाच. जाता जाता, ऱ्हस्व ‘सल’ तिसऱ्याच घरचा, ‘शल्य’ शब्दाचा. आणि हिंदीतला ‘साला’ संस्कृत ‘श्याल’चा.

युरोपात गेलो तर फ्रेंच भाषेत एकाच उच्चाराचे दोन ‘साल’ भेटतात. एक म्हणजे दालन, दुसरा म्हणजे मळका. मळक्या दालनाला फ्रेंच माणूस ‘साल साल’ म्हणतो. दोन्ही शब्द फ्रँक लोकांच्या जर्मॅनिक (म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या) बोलीतून आलेले, पण मुळे वेगवेगळी. दालनवाला शब्द खूप फिरला आहे: जर्मन ‘झाल’, इटालियन व स्पॅनिश ‘साला’, रशियन ‘झाल’, फिनिश ‘साली’, चेक ‘साल’. आणि इथे आमचे यादीकार हमखास घसरतात. ‘शाळा’, ‘शाला’! दालन म्हणजे शाला, पाकशाला, यज्ञशाला, अथर्ववेदापासूनचा शब्द, ‘साला’ त्याचाच अपभ्रंश असणार!

नाही. संस्कृत ‘श’ला जर्मॅनिक भाषांत ‘स’ येतच नाही, ‘ह’ येतो. शत आणि इंग्रजी हंड्रेड, श्वन् आणि हाउंड. रास्मुस रास्क या डॅनिश अभ्यासकाने १८१८ मध्ये आणि याकोब ग्रिम या जर्मन अभ्यासकाने १८२२ मध्ये जर्मॅनिक व्यंजनांचा हा हिशेब मांडला, त्याला दोन शतके उलटून गेली. तेव्हा शालेला इंग्रजीत नातेवाईक शोधायचाच तर तो ‘ह’ने सुरू व्हायला हवा, आणि बरेच अभ्यासक तसा दाखवतातही: हॉल. जर्मन ‘झाल’चा नातेवाईक आपल्याकडे वेगळ्याच रूपाने आला आहे. इटालियन ‘साला’चे मोठेपणा दाखवणारे रूप ‘सालोने’, त्यावरून फ्रेंच ‘सालों’, इंग्रजी ‘सलून’, आणि मराठीत केस कापायचे दुकान. हॉल आणि शाळा एका घरचे, सलून आणि फ्रेंच साल दुसऱ्या घरचे. कानाला विचाराल तर तो याच्या नेमके उलट सांगेल.

बाकीचे ‘साल’ भराभर सांगतो. लॅटिन, स्पॅनिश, पोर्तुगीज ‘साल’ म्हणजे मीठ. त्याच मुळाच्या लॅटिन ‘सालारियुम’वरून ‘सॅलरी’ आली, तेव्हा ‘सालाचा पगार म्हणून सॅलरी’ हा विनोद विनोदच ठेवावा. (रोमन सैनिकांना पगार मिठाच्या रूपात मिळे, ही सर्वत्र फिरणारी गोष्टही अशीच, तसा रोमन काळातला पुरावा नाही.) हिब्रूत ‘साल’ म्हणजे टोपली, अरबीत ‘सल्ला’. ही जोडी खरोखर नात्यातली आहे आणि बास्केटबॉलला दोन्ही भाषांत नावही तिच्यावरूनच आहे. तुर्कीत ‘साल’ म्हणजे तराफा. पण १८४७पासून निघू लागलेल्या उस्मानी (ऑटोमन) सरकारी वार्षिकांचे नाव ‘सालनामे’ होते, त्यातला साल फारसीतून उसना. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेत ‘सल’ हे इंग्रजी ‘शॅल’चे भावंड. कन्नडमध्ये ‘साल’ म्हणजे कर्ज आणि ‘सालु’ म्हणजे ओळ. यातल्या ओळीचा तमिळ नातेवाईक ‘चाल’, नांगराचा तास. तमिळ ‘च’ला कन्नड ‘स’, हेही ठरलेले आहे: तमिळ चावु–कन्नड सावु (मरण), चेर–सेरु (मिळणे).

नात्याचा आणि उसनवारीचा फरकही याद्यांत पुसला जातो. ‘शाल’ घ्या. फारसी शाल, इंग्रजी शॉल, जर्मन व रशियन शाल. इथे सारखेपणा खरा आहे, मूळही एकच आहे, पण ते रक्ताचे नाते नाही. वस्तू व्यापारातून गेली, तिच्याबरोबर नाव गेले. उसना शब्द ओळखायची खूण हीच, की तो नियम पाळत नाही. शालीतला ‘श’ शेकडो वर्षे फिरूनही ‘ह’ झालेला नाही. उलट, मूलभूत शब्दांत नियमित फरक दिसला की नात्याचा संशय घ्यावा. चक्र आणि इंग्रजी व्हील हे एका मुळाचे आहेत, पण अशी जोडी मला कुठल्याच यादीत दिसत नाही, कारण ती कानाला पटत नाही.

लिपीही फसवते. रोमन लिपीत चेक आणि हंगेरियन भाषांत अगदी सारखा, मधल्या ‘आ’वर तिरकी रेघ देऊन लिहिलेला एक तीन अक्षरी शब्द आहे. चेक वाचक तो ‘साल’ वाचतो आणि त्याला दालन दिसते. हंगेरियनमध्ये त्या पहिल्या अक्षराचा उच्चार ‘श’ असतो. तो वाचतो ‘शाल’ आणि अर्थ गळ्याभोवतीचा उबदार कपडा. रोमन अक्षरे पाहून याद्या करणारा या दोघांना एका ओळीत बसवतो आणि मग त्यांच्या अर्थांत पूल बांधायला लागतो. कोरियनमधला साधा ‘स’ आणि दाबून उच्चारलेला ‘स’ हे दोन वेगळे वर्ण आहेत. देवनागरीत आणताना तो भेद जातो आणि नसलेली जुळणी तयार होते.

ज्यांना स्वतः पडताळून पाहायचे आहे त्यांच्यासाठी क्रम असा ठेवावा. शब्दाला लागलेले प्रत्यय आधी सोडवा. ‘सालाना’ची तुलना करू नका, ‘साल’ची करा. दोन्ही भाषांत त्या शब्दाचे सगळ्यात जुने लेखी रूप शोधा आणि तिथे तो कोणत्या अर्थाने आहे ते पाहा. मग तोच ध्वनिबदल दाखवणाऱ्या किमान आणखी तीन-चार जोड्या काढा. त्या रोजच्या शब्दांतल्या हव्यात, म्हणजे शरीराचे अवयव, आकडे, नाती, सर्वनामे. जोड्या निघाल्या नाहीत तर थांबा. निघाल्या तर उसनवारीची शक्यता तपासा: त्या दोन समाजांचा संबंध कधी आला, आणि शब्द त्याआधीपासून लेखी सापडतो का. आई-बाबांचे बोबडे शब्द आणि आवाजावरून झालेले शब्द मोजणीतून वगळा. ओठ मिटून ‘मा’ म्हणणे सगळ्या तान्ह्यांना सोपे असते. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप आणि ‘देदा’ म्हणजे आई, एवढे सांगितले की पुरे.

साधने घरबसल्या मिळतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७च्या आवृत्तीत शब्दापुढे मूळ भाषेचे आद्याक्षर दिलेले असते. त्यातली सगळीच मुळे आज मान्य होणार नाहीत, पण फारसी-अरबी शब्द ओळखायला ते चांगले पडते. राल्फ टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश १९६६ मध्ये आला. त्यात एका संस्कृत शब्दाखाली हिंदी, मराठी, गुजराती, सिंधी, नेपाळी रूपे ओळीने सापडतात. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. टर्नरमध्ये एखादी नोंद शोधताना मराठी ‘स’ला ‘छ’, ‘क्ष’, ‘त्स’ असेही पूर्वज असू शकतात हे लक्षात ठेवावे, नाहीतर ‘वासरू’ शोधायला ‘वत्स’पर्यंत हात पोहोचत नाही.

आपल्याला विनंती एवढीच, की यापुढे ‘अमुक शब्द तमुक भाषेत गेला’ असा मजकूर आला तर छापण्यापूर्वी पाठवणाऱ्याकडे तोच बदल दाखवणाऱ्या आणखी चार जोड्या मागाव्यात, आणि शब्दाच्या जुन्यात जुन्या रूपाचे शतकही विचारावे. आठवडाभर वाट पाहावी. जोड्या आल्या तर मजकूर पहिल्या पानावरही शोभेल. नाही आल्या, तर तो शब्दकोड्याच्या रकान्याशेजारी छापावा.

कळावे,
आपला,
भाषाशास्त्राचा एक अभ्यासक